चार महिने शेकलेली गाठ

नागपूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयानं श्रावणच्या लेकीएवढीच, ममताएवढीच असावी. तिनं रिपोर्टाचे कागद टेबलावर पसरले आणि श्रावणला म्हणाली, "काका, तुम्ही आधी बसा." खोलीत रुग्णाची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर त्याची बायको इंदूबाई बसली होती. मग डॉक्टरीणबाईनं बाहेरून दुसरी खुर्ची आणवली. श्रावणला तेव्हाच समजलं. उभ्याउभ्या सांगण्यासारखं असतं तर तिनं खुर्ची कशाला मागवली असती?

बाईनं सोपं करून सांगितलं. आजार अंडाशयात सुरू झाला. पोटात पाणी झालं ते त्याच्यामुळेच. पण तो तिथं थांबला नाही. माणसाच्या अंगात जागोजाग हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, काखेत, मानेत, जांघेत, पोटातही. अंगात शिरलेलं विष अडवणं हे त्यांचं काम. पोटातल्या तशा गाठींमध्ये आजार शिरला होता, आणि जांघेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला तर त्यातही तोच निघाला.

इंदूबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "बरं होत नाही म्हनता का, बाई?"

"औषध देऊ आपण, सलाईनमधून. पाणी कमी होईल, जेवण जाईल, दिवस वाढतील. पण मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही."

"सांगू नका," इंदूबाई म्हणाली. "खोटं सांगनारे आमच्या गावात लय हायेत."

बाई थोडी हसली, मग पुन्हा कागदाकडे वळली. "ही जांघेतली गाठ कधी लक्षात आली तुमच्या?"

श्रावणनं तोंड उघडलं. दिवाळीपासून, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्याच्या आधी इंदूबाई बोलली.

"पंधराक दिवस झाले असतीन."

बाईनं तसंच लिहून घेतलं. श्रावणनं इंदूबाईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

मग बाईनं विचारलं, माहेरी कोणाला असं काही झालं होतं का. इंदूबाईनं सरळ सांगून टाकलं, की माझी माय पोट फुगूनच गेली, आणि मोठी बहीणही. लोक म्हणाले जलोदर झाला. बाईनं पेन खाली ठेवला. मुली किती, असं तिनं विचारलं. एकच, ममता, आर्णीकडं चिखलीला दिली, तिथं आशाचं, गावच्या आरोग्यसेविकेचं, काम करते, असं श्रावणनं सांगितलं.

"मग तर तिला लवकर समजेल. हा आजार काही घरांत आईकडून मुलीकडं येतो. तिनं एकदा इथं येऊन रक्त तपासून घ्यावं. काही निघालं तर आधीच उपाय करता येतात. नाही निघालं तर ती मोकळी. काका, हे तुम्ही विसरायचं नाही."

नाही विसरत, असं श्रावण म्हणाला. तो ते कधी विसरलाही नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर इंदूबाई बाकावर टेकली. दम लागला होता तिला. "ममतेले इतक्यात सांगू नका. पाचवा महिना हाये तिले. बाळंत होऊ द्या पोट्टीले."

"अन गाठीचं खोटं काहून सांगतलं?"

"तुमी काय सांगनार होते? चार महिने शेकली म्हनून? त्या बाईनं तुम्हाले तिथंच उभं सोललं असतं. मले ते आयकाचं नोतं."

श्रावणचं काम कुंपणाचं. यवतमाळहून लोहाऱ्याच्या पुढं गेलं की त्यांचं बोरगाव लागतं. तिथल्या नि आसपासच्या शेतांना रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं शिरू नयेत म्हणून बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून तो कुंपण घालून द्यायचा. पस्तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे काटा कसा शिरतो, कसा मोडतो, कुठून दाबला म्हणजे वर येतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. गावात कोणाच्या पायात काटा मोडला की तो माणूस श्रावणच्या ओट्यावर यायचा. सुई दिव्यावर तापवायची, कातडी उकरायची, काटा काढून तळहातावर ठेवून दाखवायचा आणि बिब्याचा चटका द्यायचा. शेजारचे डोमाजी म्हणत, "श्रावणच्या ओट्यावर सरपंचालेबी पाय वर कराच लागते."

पायाला जखम झाली की कधीकधी जांघेत गाठ येते. तिला गावात अवधान म्हणतात. काट्याच्या मागून ती येणारच, असं सगळे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. जखमेवर गूळ-चुना लावायचा, वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि गाठीला शेक द्यायचा. चार-आठ दिवसांत ती बसते. श्रावणनं शेकडो अवधानं बसलेली पाहिली होती.

दिवाळीच्या आठवड्यात कापूस वेचताना इंदूबाईच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. श्रावणनं अर्धा काढला, अर्धा आत राहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जांघेत गाठ आली. तो म्हणाला, "अवधान हाये. काटा निंगला का बसन." पुढच्या आठवड्यात उरलेला काटाही निघाला. जखम भरून आली. गाठ काही बसली नाही.

श्रावणला वाटलं, आत अजून तुकडा असेल. त्यानं भरलेली टाच पुन्हा उकरली. काही सापडलं नाही. पंधरा दिवसांनी आणखी एकदा उकरली. इंदूबाई दात आवळून बसली होती. शेवटी म्हणाली, "माही टाच हाये का वांगं? कितीक चिरसान?" तो हसला, तीही हसली. मग त्यानं वीट चुलीत घातली.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. अवधान दुखतं. बोट लावू देत नाही. ही गाठ दगडासारखी होती आणि दाबली तरी दुखत नव्हती. श्रावणला त्याचं बरंच वाटलं होतं. दुखत नाही म्हणजे उतरत असेल, असं तो म्हणाला. त्याला कोणी चुकीचं सांगितलं नव्हतं, कोणी घाई केली नव्हती. त्याच्या स्वतःच्या हातांना जे ठाऊक होतं त्यावर त्यानं भरोसा ठेवला. फेब्रुवारीत तिचं पोट फुगायला लागलं, दोन घासांवर जेवण थांबायला लागलं, तेव्हा ते यवतमाळला गेले, पोटासाठी. गाठीचं तिथंही कोणी बोललं नाही. तिथून त्यांना नागपूरला पाठवलं.

पुढचं वर्ष दर एकवीस दिवसांनी नागपूरच्या एसटीत गेलं. इंदूबाईचे केस गेले. तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि आरशात पाहून म्हणाली, "आता तं मी तुमच्या मामासारखी दिसून राह्यली." श्रावणच्या मामाला टक्कल होतं. पोटातलं पाणी उतरलं. दोन-तीन महिने ती अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायला लावायची. श्रावण चहा करायला शिकला. त्याचा चहा बरा होत नाही असं ती शेवटपर्यंत म्हणाली.

जुलैमध्ये ममता बाळंत झाली. मुलगी झाली. श्रावण म्हणाला, आता सांगतो. इंदूबाईनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अंगावर पाजून राह्यली ते. भेवानं दूध आटते बाईचं. थोडं थांबा." तो थांबला. दिवाळीनंतर पाणी पुन्हा भरलं. आता गाठी मानेतही आल्या होत्या, गळ्याखालच्या हाडाच्या वर, बोटाला लागायच्या. श्रावण त्यांना हात लावत नसे.

डॉक्टरीणबाईला एक विचारायचं त्याच्या मनात कायम होतं. चार महिने आधी आणली असती तर? दर खेपेला तो ते ओठापर्यंत आणायचा. पण विचारायचं तर आधी पंधरा दिवसांचे चार महिने करावे लागले असते, आणि इंदूबाई शेजारी बसलेली असायची. तिनं त्याच्यासाठी सांगितलेलं खोटं तिच्यासमोर उघडं पाडणं त्याला जमलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, घरीच ती गेली. ममता उशाशी होती. श्रावण पाणी गरम करायला आत गेला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झालं, फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, आणि मग रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून इंदूबाईबद्दल दोन शब्द बोलू लागला. कोणी म्हणालं, तिच्या हाताला चव होती. तिच्याबरोबर वेचणीला जाणारी नंदाबाई म्हणाली, "इंदूबाई वेचाले माह्या बाजूच्या वळीत राहे. तिच्या जिभेपुढं दुपार कवा झाली थे समजे नाही." सगळ्या बायांनी माना हलवल्या. मग बौद्धाचार्य म्हणाले, "श्रावणभाऊ, दोन शब्द."

श्रावणला बोलायची सवय नव्हती. इंदूबाईच म्हणायची, याच्या हातानं काटा निंगते पन तोंडानं शबुद निंगत नाही. तो उठला. समोर बायांमध्ये ममता बसली होती, मांडीवर पोर, शेजारी पिशवी. जावई संघदीप मागं खांबाजवळ उभा होता.

"जय भीम," श्रावण म्हणाला. "मले एक सांगाचं हाये. डाक्टरले आमी पंधरा दिवस सांगतले, थे खोटं हाये. गाठ दिवाळीपासून होती, आताच्या नाही, मागच्या. अवधान म्हनून म्या शेकली. चार महिने शेकली. काट्यासाठी टाचबी दोनदा चिरली तिची. काटा नोताच."

डोमाजी काठी टेकत उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू आता." मग लोकांकडे वळून म्हणाले, "दुःखात मानूस सोतालेच धरते. माही गेली तवा म्या म्हनलं होतं, मी तिले वांग्याची भाजी खाऊ घातली म्हनून गेली." काही जण हळूच हसले. कोणी म्हणालं, खरं हाये, कोणाच्या हाती काय असते. आणि पुढचा माणूस बोलायला उठला. श्रावणनं जे सांगितलं ते गावानं असं उचलून बाजूला ठेवलं, जसं रस्त्यातला दगड ठेवतात. कोणी त्याला दोष दिला नाही. त्याला तो हवा होता की काय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

ममता मात्र उठली. पोरीला खांद्यावर टाकून विहाराच्या बाहेर गेली. श्रावणला तिला एकटीला गाठून रक्ताचं सांगायचं होतं, आज सगळं एकदमच सांगून टाकायचं असं ठरवून तो आला होता. पंगत बसेपर्यंत ती दोघं निघून गेली होती. पोरगी रडत होती म्हणे.

त्यानंतर दीड महिना ममता फोनवर आली नाही. फोन संघदीप उचलायचा. "आताच झोपली, बाबा." "मिटिंगले गेली." "सर्वे चालू हाये." संघदीप भला माणूस होता, त्याला खोटं नीट बोलता येत नव्हतं. श्रावणनं मनाशी पक्कं केलं की लेकीनं आपल्याला आईचा मारेकरी धरलं. तसं असेल तर असू दे. पण रक्ताचं सांगितलं पाहिजे. उद्या त्याचं तोंड पाहायचं नाही असं तिनं ठरवलं तरी सांगितलं पाहिजे.

मार्चच्या मध्यात तो स्वतःच आर्णीच्या बसमध्ये बसला आणि तिथून ऑटोनं चिखलीला गेला. ममता अंगणात रजिस्टरं घेऊन बसली होती. तिनं उठून पाणी दिलं. पोरगी चटईवर पालथी पडून हात मारत होती. संघदीप म्हणाला, मी दूध घेऊन येतो, आणि रिकामाच बाहेर पडला, भांडंही घेतलं नाही त्यानं.

"काहून बोलले तुमी तिथं?" ममतानं विचारलं. ती रजिस्टराकडेच पाहत होती.

"खरं होतं म्हनून."

"अर्धं होतं."

श्रावणला वाटलं, रक्ताचं तिला कुठून तरी कळलं. तो सांगायला लागणार, तेवढ्यात तीच बोलली.

"आईनं मले फोन केलता. मागच्या सालच्या संक्रांतीच्या अगोदर. म्हने, काटा निंगला, जखम भरली, गाठ जात नाही. दुखतबी नाही. तुह्या बाबाले नको सांगू, त्याईले वाटन माह्या हातावर भरोसा नाही इचा. तू तं दवाखान्यातली हायेस, तू काय म्हनतं?" ममतानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "अन म्या काय म्हनलं? म्हनलं, बाबा शेकून राह्यले ना, मंग शेकू दे. जुनं अवधान लवकर बसत नाही."

श्रावणनं पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहून हाये, बाबा. न दुखनारी गाठ असली का दवाखान्यात पाठवाचं. लोकाच्या बायांले मी हाताले धरून नेते. सोताच्या माईले म्हनलं, शेकू दे. तुमचं नाव आलं का मले लहानपनचा ओटा दिसते. तुमचं चुकन असं वाटलंच नाही."

पोरगी चटईच्या काडीशी खेळत होती. श्रावण म्हणाला, "तवाच आनली असती तं वाचली असती का?"

"गाठ आली म्हनजे तवाच पसरला होता. गाठ येनं म्हनजेच पसरनं."

"मंग चार महिन्यानं काही फरक पडला नसता?"

"थे म्या कोनाले विचारू?" ममता म्हणाली. "तुमी विचारलं का?"

"नाही."

"म्याबी नाही."

मग त्यानं सांगितलं. दवाखान्यातली ती खुर्ची, आजीचं नि मावशीचं बाईनं काय लिहून घेतलं, रक्त तपासायचं, आईनं आधी बाळंतपणासाठी आणि मग दुधासाठी कसं थांबवलं. एक वर्ष झालं हे मी पोटात ठेवून आहे, असंही सांगितलं. आयुष्यात एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता.

ममताला नवल वाटलं नाही. "फायलीत लिहून होतं. दवाखान्यात बसल्या बसल्या म्या वाचलं. आजी, मावशी, आई. मले कोनी सांगाची गरज नोती."

"मंग गेली काहून नाही? तू तं दुसऱ्याईले पाठवतं."

"दुसऱ्याईले पाठवनं सोपं हाये." ती पोरीला उचलून मांडीवर घेऊ लागली. "निंगलं तं? मंग इचंही पाहा लागन. अन नाही निंगलं तं मी मोकळी. आई गेली अन मी मोकळी. थे तरी कसं सोसाचं, सांगा."

श्रावण म्हणाला, "मी येतो तुह्यासंगं. बाहेर बसतो. तू नको म्हनशीन तं बोलनारबी नाही."

"तुमी तसेही कुठं बोलता," ममता म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर आईसारखं काही तरी आलं. "जाऊ. मार्चचा सर्वे होऊ द्या."

एक तारीख ठरली. त्या दिवशी श्रावण सकाळी सातला यवतमाळच्या बसस्टँडवर उभा राहिला. आर्णीहून तीन गाड्या आल्या. साडेदहाला फोन आला, की गावात लसीकरण लागलं, निघता आलं नाही. त्यानं बरं म्हटलं. दुसरी तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ठरली. त्या दिवशी पोरीला ताप होता, खराच होता, मागून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. श्रावण रागावला नाही. रागावायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटत नव्हतं, पण आता तो दर दोन दिवसांनी फोन करतो आणि ममता उचलते. पोरगी धरून उभी राहायला लागली, बाबा जेवले का, गावात ऊन किती, असं सगळं बोलणं होतं. मग तो विचारतो, "कवा जाचं?" आणि ती म्हणते, "जाऊ, बाबा."

गावात अजून लोक काटा घेऊन येतात. काटा तो काढून देतो. जांघेत गाठ आली म्हणून कोणी सांगितलं तर वीट तापवत नाही. ऑटोत बसवून देतो, आणि कोणी टाळाटाळ केली तर स्वतः शेजारी बसून जातो. लोकांना ते हसण्यासारखं वाटतं. डोमाजी म्हणाले, "श्रावण आता आशाच झाला."

मे महिना लागला आहे. ममताचं रक्त तपासायचं अजून राहिलं आहे.